कॉलेजचा गोली प्रोफेशनल होईल का, हे मी कसं ताडतो

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका वडिलांचा आहे. मुलगा वीस वर्षांचा, जन्म अमेरिकेतलाच, डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, फुटबॉलचा (इथल्या बोलीत सॉकरचा) गोलकीपर. उंची सहा फूट एक इंच. गेल्या मोसमात १८ सामने, ७ क्लीन शीट (म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने), गोलवर आलेल्या ८२ शॉटपैकी ६४ अडवले, म्हणजे ७८ टक्के. हेड कोच म्हणतात, हा प्रोफेशनल खेळू शकेल. इंजिनिअरिंगची डिग्री दीड वर्षावर आली आहे. "कोच म्हणतात ते कितपत खरं धरायचं, आणि क्रिकेट बघत वाढलेल्या आमच्यासारख्यांनी हे ओळखायचं कसं?" सोबत चार मिनिटांची हायलाइट रील आणि तीन पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ.

रील मी वीस सेकंद बघून बंद केली. राग मानू नका. रीलमध्ये प्रत्येक गोली भारीच दिसतो. गोल खाल्लेला एकही प्रसंग त्यात नसतो, आणि मला नेमके तेच बघायचे असतात. तीन सामने मात्र दोन-दोनदा पाहिले, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

मी मूळचा कोल्हापूरचा. पेठेच्या टीमचा गोली होतो. शाहू स्टेडियमवर गोलच्या मागे बसलेलं पब्लिक गोलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं, त्या शाळेत शिकलो. मास्टर्सला अमेरिकेत आलो आणि एका कॉलेजच्या टीमला गोलकीपर कोच म्हणून चिकटलो, पहिली काही वर्षं वॉलंटिअर म्हणजे फुकट. (हे बिनपगारी पद एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेनं डिव्हिजन वनमधून २०२३ मध्ये काढून टाकलं. आमच्या वेळी कित्येक कॉलेजांचे गोली असल्याच फुकट्या कोचांच्या हाताखाली तयार व्हायचे.) पुढं खालच्या लीगमधल्या एका क्लबसाठी कॉलेजचे गोली बघायचं काम केलं. त्यामुळं मुलाला शिकवणारा काय बघतो आणि मुलाला विकत घेणारा काय बघतो, हे दोन्ही मला माहीत आहे. दोघांची नजर सारखी नसते, तुमच्या प्रश्नाची मेख तिथंच आहे.

आधी ७८ टक्क्यांचं बघू. तुम्ही स्वतः इंजिनिअर दिसता, म्हणून हिशोबच मांडतो. ८२ शॉट म्हणजे फारच छोटा नमुना. त्यातले चार शॉट पोस्टच्या आतल्या बाजूला लागून आत गेले असते, तर आकडा ७३ झाला असता आणि कोच "प्रो" हा शब्द बोलले नसते. संख्याशास्त्राच्या भाषेत ही चूक साधारण साडेचार टक्के येते, दोन्हीकडं तिची दुप्पट धरायची, म्हणजे खरा आकडा ६९ पासून ८७ पर्यंत कुठंही असू शकतो. त्यात ६९ वाला गोली साधा आणि ८७ वाला चमत्कार. शिवाय शॉट कुठून आले हे त्या आकड्यात नाही. पंचवीस मीटरवरून थेट छातीवर आलेला शॉट आणि सहा मीटरवरून कोपऱ्यात मारलेला शॉट, कॉलेजच्या तक्त्यात दोन्हींची किंमत एकच. प्रोफेशनल क्लब शॉटची जागा, वेग आणि दिशा धरून मोजणारे आकडे वापरतात, पण बहुतेक कॉलेज सामन्यांचे तेवढे तपशील नोंदवलेच जात नाहीत. क्लीन शीटचं तर सोडूनच द्या. तो बचावफळीचा आकडा आहे. गोली नुसता त्याच्या शेजारी उभा असतो.

मी बघतो ते वेगळंच. या मुलात काय कमी आहे, आणि जे कमी आहे ते वर्ष-दीड वर्षात कुणी शिकवू शकेल का? क्लब वीस-बावीस वर्षांचा तयार गोली शोधत नाही, तयार गोली तिशीचे असतात आणि महाग असतात. क्लबला हवा असतो असा मुलगा, ज्याच्या चुका त्यांच्या कोचला दिसतात आणि दुरुस्त करता येण्यासारख्या वाटतात. सुताराला विचारा, गाठ असलेलं लाकूड तो घेतो, चीर गेलेलं घेत नाही. तुमच्या मुलाच्या तीन सामन्यांत मी गाठी कुठल्या आणि चिरा कुठल्या, एवढंच शोधत होतो.

पहिली परीक्षा तुम्हालाही घरी घेता येईल. समोरच्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि आपल्या गोलीचे पाय बघा. दोन्ही पाय जमिनीवर आहेत का? गुडघे थोडे वाकलेले, वजन पायाच्या पुढच्या भागावर, हात कंबरेच्या पुढं? याला आम्ही सेट होणं म्हणतो. ताशी ९० किलोमीटरच्या शॉटला अठरा मीटर कापायला पाऊण सेकंदही लागत नाही. पोस्टपर्यंत झेप घ्यायला गोलीला जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यातला दहावा भाग जरी वाया गेला तरी बोटं बॉलच्या मागे राहतात. तुमच्या मुलाला शॉटच्या आधी छोटी उडी घ्यायची सवय आहे. उडी चुकीची नाही, पुष्कळ चांगले गोली घेतात, पण ती वेळेआधी संपली पाहिजे. तीन सामन्यांत गोलवर १३ शॉट आले, त्यातल्या पाच वेळी शूटरचा पाय लागला तेव्हा हा हवेत होता. हवेत असलेल्या माणसाला रेटा द्यायला जमीन नसते. त्या पाचातले दोन गोल झाले, आणि दोन्ही वेळा बचावपटूंनी एकमेकांकडं बघून हात पसरले, जसा काही शॉटच तसा होता. शॉट तसा नव्हता. पण ही गाठ आहे. रोज वीस मिनिटं, समोरून अनियमित तालात शॉट मारणारा माणूस आणि एक फोन कॅमेरा, एवढ्यावर चार महिन्यांत सुटते. मी सोडवलेली आहे.

दुसरी गोष्ट क्रॉसची, म्हणजे बाजूनं गोलसमोर हवेतून येणाऱ्या बॉलची, आणि इथं मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण कॉलेज आणि प्रोफेशनल फुटबॉलमधली दरी मला सगळ्यात मोठी इथंच दिसते.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या सामन्यात ६३ वं मिनिट काढा. पडद्यावरचं घड्याळ उलटं चालतंय, म्हणजे २७:०० च्या आसपास. उजवीकडून लांब थ्रो-इन. कॉलेजात लांब थ्रोचा सुकाळ असतो, प्रत्येक टीमकडं एक तरी बैलासारखा थ्रो फेकणारा असतो. आपल्या लोकांना ही पद्धत आडदांड वाटते, मला मात्र ती आवडते, कारण गोलीची परीक्षा आपोआप होते. बॉल उंच येतो, सहा यार्डाच्या रेषेवर, डोक्याच्या वर हातभर. तुमचा मुलगा एक पाऊल पुढं टाकतो, थांबतो, परत रेषेवर येतो. समोरच्या पोराचं हेडर बारवरून जातं. सगळे टाळ्या वाजवतात, सामना पुढं चालू. तक्त्यात या प्रसंगाची नोंद काय? काहीच नाही. शॉट गोलवर नव्हता. पण मी माझ्या वहीत लिहिलं, कारण तो बॉल गोलीचा होता.

तीन सामन्यांत असे १४ बॉल हवेतून गोलसमोरच्या सहा यार्डांच्या लहान चौकटीत किंवा तिच्या काठावर आले. चारसाठी तो बाहेर आला, तीन पकडले, एक ठोसा मारून बाहेर काढला. चारही सुरेख. उरलेल्या दहापैकी चार खरंच बचावपटूंचे होते. सहा त्याचे होते. आता महत्त्वाचं, त्या सहांत त्याचं पहिलं पाऊल कुठं पडलं? काही गोली क्रॉस आला की पहिलं पाऊल मागं टाकतात, गोलरेषेकडं. त्यांच्या अंगात ते मुरलेलं असतं. अंगात मुरलेली भीती वीस वर्षांच्या मुलातून काढताना मी कुणाला पाहिलेलं नाही, स्वतःही काढू शकलो नाही. काहींचं पहिलं पाऊल पुढं पडतं, मग मन डळमळतं आणि ते थांबतात. तुमच्या मुलाचं सहापैकी चारदा पाऊल पुढं पडलं. म्हणजे शरीराला बॉल कळतोय, भरवसा नाही. त्याच्या पुढं उभा असलेला सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, उंच आणि आक्रमक आहे, प्रत्येक बॉल स्वतःच घेतो. मला शंका आहे की यानं सवयीनं त्याच्यावर सोडून दिलंय. आणखी एक बारीक गोष्ट: त्या सहाही वेळा त्याच्या तोंडून "कीपर!" अशी हाक नाही. आवाज बंद करून कसं कळलं म्हणाल, तर बचावपटूंच्या माना वळत नाहीत. हाक ऐकू आलेला बचावपटू खांदे आक्रसून जागा देतो, लगेच दिसतं. ही गाठच म्हणतो मी, जरा जुनी.

पायांचं थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये बॅकपास, म्हणजे सहकाऱ्यानं पायानं मागं दिलेला बॉल, हातात घ्यायची सोय गेली, २०१९ पासून गोलकिकचा बॉल चौकटीच्या आतच सहकाऱ्याला देता येऊ लागला, आणि गोली हा अकरावा खेळणारा माणूस झाला. तुमच्या मुलाचा उजवा पाय ठीक आहे, पन्नास मीटरचा बॉल विंगरच्या छातीवर टाकतो. डावा पाय फक्त उभं राहायला आहे. तीन सामन्यांत दोनदा वापरला, दोन्ही वेळा बॉल थेट बाहेर. प्रोफेशनल फॉरवर्डला हे दहा मिनिटांत कळतं आणि मग तो धावताना याची उजवी बाजूच बंद करतो. डावा पाय सुधारतो, पण भिंतीशी रोज दोनशे बॉल मारायचा कंटाळवाणा धंदा आहे, शिकवणी लावून होत नाही.

आता चिरांचं बोलू. पहिली, बॉल उशिरा दिसणं. काही मुलांना गर्दीतून आलेला बॉल अर्धा क्षण उशिरा कळतो, डोळे तपासून उपयोग नसतो, तो अंदाजाचा भाग असतो. तुमच्या मुलात ही चीर नाही. तिसऱ्या सामन्यात कॉर्नरनंतर सात जणांच्या पायांमधून आलेला बॉल त्यानं खाली बसून उजव्या मनगटानं बाहेर लोटला. तो बॉल तुम्हाला रिप्लेमध्येही नीट दिसणार नाही. दुसरी चीर म्हणजे दुसरी हालचाल मंद असणं, एकदा पडल्यावर उठून परत झेपावायला वेळ लागणं. इथं तो बरा आहे, उत्तम नाही. उंचीचं म्हणाल तर सहा फूट एक इंच चालतं, पण गोल सात मीटर बत्तीस सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटर चव्वेचाळीस सेंटीमीटर उंच आहे, म्हणून दोन इंच कमी पडले की स्काउट नाक मुरडतात. निक रिमांडो सहा फुटांच्या आतला, यूसीएलएचा, २००० ते २०१९ असा वीस मोसम एमएलएसमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळला आणि ५१४ सामन्यांचा विक्रम करून गेला. पण रिमांडोचं नाव उंचीच्या वादात काढणारे एक विसरतात: तो इतका वेळेआधी जागेवर असायचा की झेप घ्यायची गरज थोडी पडायची.

तिसरी चीर मनाची. तिसऱ्या सामन्यात ३१ व्या मिनिटाला साधा शॉट तुमच्या मुलाच्या दोन पायांमधून गेला. गोल. यजमानांचे विद्यार्थी त्याच्या मागे उभे राहून नाव घेऊन ओरडत होते, मला एकदम शाहू स्टेडियमची आठवण आली. दोन मिनिटांनी त्यांनी बचावाच्या मागे लांब बॉल टाकला. अशा वेळी घाबरलेला गोली घरी बसतो, रेषेवर. हा चौकटीच्या चार-पाच मीटर बाहेर धावत आला आणि फॉरवर्डच्या आधी डोक्यानं बॉल साइडलाइनला मारला. पाठवलेल्या सगळ्या चित्रीकरणातला हा सगळ्यात चांगला क्षण. रीलमध्ये तो आहे का म्हणून मुद्दाम पुढं नेऊन पाहिलं. नाही.

मॅट टर्नरचं उदाहरण इथं द्यावंच लागेल. फेअरफील्ड नावाच्या लहान युनिव्हर्सिटीत असताना, २०१३ मध्ये, बारवर आपटून सरळ वर उडालेला बॉल खाली येताना त्याच्या हातातून निसटून गोलमध्ये गेला. देशभर टीव्हीवर हसण्याचा विषय झाला. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीनं कॉलेजची मुलं निवडतात तो कार्यक्रम) त्याला कुणी घेतलं नाही. न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनच्या सरावात ट्रायलवर गेला, करार मिळवला, मग उसना म्हणून खालच्या लीगमधल्या रिचमंडला पाठवला गेला. २०२१ मध्ये एमएलएसचा सर्वोत्तम गोलकीपर, २०२२ मध्ये आर्सेनल, त्याच वर्षी कतारच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या चारही सामन्यांत गोलमध्ये तोच. मात्र ही गोष्ट ऐकून पालक जो अर्थ काढतात तो मला पटत नाही. टर्नर अपवाद आहे. त्याच वर्षी त्याच्यासारखेच न निवडलेले डझनभर गोली पुढच्या उन्हाळ्यात विमा विकत होते.

बाजार किती अरुंद आहे तो बघा. एमएलएसमध्ये ३० क्लब, प्रत्येकी साधारण तीन गोली, म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. त्याखाली एमएलएस नेक्स्ट प्रो, यूएसएल चॅम्पियनशिप, लीग वन मिळून साठ-सत्तर क्लब. दुसरीकडं पुरुषांचं सॉकर असलेली डिव्हिजन वन कॉलेजं दोनशेच्या वर, प्रत्येकात तीन-चार गोली. आणि गोली लवकर निवृत्त होत नाही. ब्रॅड गुझान २००५ मध्ये कॉलेजमधून ड्राफ्ट झाला आणि चाळिशी ओलांडून २०२५ पर्यंत खेळत होता. स्ट्रायकर बदलतात, विंगर बदलतात, गोलीची खुर्ची तीच राहते. त्यात क्लबांच्या स्वतःच्या अकादमी आहेत. शिकागोनं गागा स्लोनिनाला १४ व्या वर्षी करारात घेतलं, १७ व्या वर्षी तो पहिल्या टीममध्ये खेळला आणि २०२२ मध्ये चेल्सीनं त्याला उचललं. तुमचा मुलगा बावीसाव्या वर्षी दार ठोठावेल तेव्हा त्याच्याच वयाचे काही गोली पाच वर्षं पगार घेत असतील. कॉलेजचा मोसम ऑगस्टच्या शेवटापासून जास्तीत जास्त डिसेंबरपर्यंत. चार वर्षांत सत्तर-पंचाहत्तर सामने झाले तरी भाग्य. गोलीचं शिक्षण सामन्यातल्या चुकांवर होतं, आणि कॉलेजात चुका करायला पुरेसे सामनेच मिळत नाहीत.

आत गेल्यावरही थांबावं लागतं, आणि हे पालकांना कुणी सांगत नाही. कनेटिकट युनिव्हर्सिटीचा आंद्रे ब्लेक २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पहिल्या क्रमांकावर निवडलेला तो पहिलाच गोली. पहिली दोन वर्षं तो जवळजवळ बाकावरच होता. नंतर तीनदा लीगचा सर्वोत्तम गोली ठरला. आता त्याच क्लबमध्ये, फिलाडेल्फियात, मॅट फ्रीज नावाचा मुलगा हार्वर्ड सोडून आला आणि ब्लेकच्या मागे चार मोसम थांबला. २०२३ मध्ये न्यूयॉर्क सिटीत गेला, २०२४ मध्ये पक्का गोली झाला, आणि २०२५ च्या गोल्ड कपमध्ये अमेरिकेच्या गोलमध्ये टर्नरला बाजूला ठेवून त्याला उभं केलं. कोस्टा रिकाविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्यानं तीन पेनल्टी अडवल्या. हार्वर्डची डिग्री त्यानं नंतर पूर्ण केली. थांबला, पण खेळाडू म्हणून गंजला नाही. हा गुण मला व्हिडिओवरून ओळखता येत नाही, मान्य करतो.

एकदा मी याच बाबतीत सपशेल आपटलो. सहा फूट चार इंचांचा एक मुलगा, हात लोण्यासारखे मऊ, दोन्ही पायांनी खेळणारा. क्लबला मी छातीठोक सांगितलं, घ्या. घेतला, तिसरा गोली म्हणून. तिसऱ्या गोलीचं आयुष्य कसं असतं? सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात, स्ट्रायकरांना शूटिंगचा सराव करायचा असतो म्हणून तासभर गोलमध्ये उभं राहायचं, पहिल्या गोलीला वॉर्म-अप द्यायचा, शनिवारी साध्या कपड्यात स्टँडमध्ये बसायचं. कॉलेजात चार वर्षं तोच हिरो होता. सात महिन्यांत बॅग भरून घरी गेला. उलट एका बुटक्या, हात खाली ठेवणाऱ्या मुलाला मी वाऱ्याच्या दिवशी एकच सामना बघून नाकारलं. तो आज दुसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये पहिल्या पसंतीचा गोली आहे. भेटलो की हसतो, काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. तेव्हापासून एक सामना बघून मत द्यायचं मी बंद केलं, आणि कोचला एक प्रश्न नक्की विचारतो: हा बाकावर असताना कसा वागतो? तुमचा मुलगा पहिल्या वर्षी बाकावर होता असं तुम्ही लिहिलंय. त्या वर्षाबद्दल त्याच्या टीममधल्या सीनियर गोलीला विचारा. कोच गोड बोलतील, दुसरा गोली खरं बोलेल.

कोच "प्रो" म्हणाले त्याबद्दल. त्यांना खोटं पाडत नाही, पण हेड कोच बहुधा गोलीचा जाणकार नसतो, त्याला गोलीनं टीमचे वाचवलेले गुण दिसतात. शिवाय त्यांना पुढच्या मोसमात हा मुलगा हवाच आहे, ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, जायला नको आहे. त्यांना सरळ विचारा, कुठल्या क्लबच्या कुठल्या माणसाशी याच्याबद्दल बोललात? नाव आलं तर गोष्ट खरी. "लोकांचं लक्ष आहे" असं उत्तर आलं तर ते आपल्याकडच्या लग्नाच्या बोलणीतल्या "कळवतो" सारखं समजा.

माझं मत विचारलंत म्हणून. एमएलएसच्या पहिल्या टीममध्ये थेट, नाही. ड्राफ्टमध्ये शेवटच्या फेरीत नाव आलं तर आश्चर्य वाटणार नाही, आणि हल्ली कॉलेजचं दुसरं-तिसरं वर्ष झालेल्यांनाही निवडता येतं आणि निवडला तरी मुलगा कॉलेजात परत येऊ शकतो. पण ड्राफ्ट म्हणजे करार नाही, सरावाला यायचं आमंत्रण आहे. एमएलएस नेक्स्ट प्रो किंवा लीग वनच्या ट्रायलपर्यंत तो आज पोचतो. करार मिळेल का हे त्या उशिराच्या उडीवर आणि त्या सहा क्रॉसवर अवलंबून आहे. दोन्ही पुढच्या मोसमात सुटले तर मी माझ्या जुन्या क्लबला फोन करीन, एवढं म्हणतो. त्याचा जन्म इथला हा त्याचा मोठा फायदा आहे. भारतातून एफ-वन व्हिसावर येऊन खेळणाऱ्या मुलांचे पालकही मला विचारतात, त्यांना सांगावं लागतं की परदेशी खेळाडूसाठी क्लबकडं मोजक्या जागा असतात आणि तिसऱ्या गोलीवर ती जागा कुणी खर्च करत नाही.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आईनं विचारलं असणार. २०२५ मध्ये एमएलएसचा सीनियर किमान पगार वर्षाला १,०४,००० डॉलर होता. नवख्या तिसऱ्या गोलीला त्याहून खालचा राखीव दर मिळतो. त्या लीगच्या खाली उतरलात की इंजिनिअरच्या पहिल्या नोकरीशी तुलनाच करू नका. तीन मुलं एक फ्लॅट वाटून राहतात आणि संध्याकाळी लहान पोरांना कोचिंग करतात. मी ते दिवस काढलेत, वाईट नव्हते, पण माझ्यामागे कुणाचा हप्ता नव्हता. डिग्री पूर्ण करून मग दोन वर्षं द्यायची असं ठरवलंत तर त्यात तोटा काही नाही. गोलीच्या वयात चोविसावं वर्ष म्हणजे अजून पहाट.

येत्या मे ते जुलैमध्ये त्याला यूएसएल लीग टूच्या एखाद्या टीममध्ये खेळवा. ती लीग मुख्यतः कॉलेजच्या मुलांची आहे, एनसीएएची पात्रता जात नाही, आणि वरच्या क्लबांची माणसं तिथं येतात. टीम निवडताना जिंकणारी बघू नका. जिथला पहिला गोली जाणार आहे आणि जिथं गोलकीपर कोच रोज हजर असतो, ती बघा. एजंट म्हणवणारा कुणी भेटला तर सही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे पात्रतेचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीला, विचारा, नाहीतर शेवटचं वर्ष हातचं जाईल.

आणि रील नव्यानं कापा. सुरुवातीचं संगीत आणि नाव फिरत येणारं ते चित्र काढून टाका. पहिला प्रसंग ३१ व्या मिनिटाचा गोल ठेवा, पायांमधून गेलेला, पूर्ण. त्याला लागून ३३ वं मिनिट. मग पकडलेले तीन क्रॉस, मग गर्दीतून लोटलेला तो बॉल, मग बाकीचं काय ते. ऑक्टोबरमध्ये नव्या मोसमातले तीन सामने पूर्ण पाठवा. एक हरलेला हवा.